फोटोमागचं ‘हे’

धायरी, पुणे
१८ नोव्हेंबर २००२

प्रिय सुहास,

फोन न करता पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, असं लिहिणार होते. पण घाबरलेली मीच आहे, तेव्हा तुला कशाला शहाणपण शिकवू? आमचा फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि तिथे बोललेलं स्वयंपाकघरात ऐकू जातं. शिवाय हल्ली बोलता बोलता मला एखादा साधासा शब्द आठवेनासा होतो, मी गप्प होते आणि समोरच्याला वाटतं लाइन तुटली. कागदावर ती सोय असते, शब्द सापडेपर्यंत कुणी ‘हॅलो, हॅलो’ करत नाही. नाशिकला आता थंडी पडली असेल. श्यामरावांच्या गुडघ्याचं काय ठरलं? ऑपरेशन नको म्हणून अडून बसले असतील, तर त्यांना सांग, मेव्हणीने हट्टीपणाबद्दल प्रशस्तिपत्रक पाठवलंय म्हणून.

इथली बातमी म्हणजे आमचा माळा गळला. बाथरूमवरच्या त्या माळ्यात बिल्डरने पाण्याची टाकी बसवली आहे आणि आम्ही हुशार लोकांनी तिच्याच शेजारी घरातली सगळी जुनी कागदपत्रं ठेवली आहेत. भाऊबीज झाली आणि आमचे चिरंजीव पद्मजाला आणि मुलांना घेऊन केरळला गेले. मला प्रवास झेपत नाही असं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं, मला विचारायची तसदी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तो बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर ओल उतरलेली, नेमकी यांच्या फोटोमागे. फ्रेम काढली, मागचा पुठ्ठा उघडला, तर फोटो काचेला घट्ट चिकटलेला. तो तसाच ठेवायचा असतो, ओढायचा नसतो, हे मला आता ठाऊक झालंय. बत्तीस वर्षं मी मुलांना धीर धरायला शिकवला, स्वतः मात्र ओढलं. कोट आला, टाय आला, दोन्ही कान आले. चेहरा काचेवर राहिला, आणि ओल्या फडक्याने हलकेच सोडवायला गेले तर तोही गेला. नऊ वर्षं रोज नमस्कार केलेला फोटो, सुहास. मी तिथेच खाली बसले. म्हटलं, जाऊ दे, कागदच तो, माणूस डोळ्यांसमोर आहे की. डोळे मिटले आणि माणूस येईना. मिशी होती हे आठवत होतं, पण कशी होती? गालावर तीळ होता, तो उजव्या की डाव्या? सदतीस वर्षांचा संसार, आणि मला कोट दिसत होता.

मुक्ताबाई भांडी घासायला आली तेव्हा तिला स्टूल धरायला लावलं आणि मी माळ्यावर चढले. अडुसष्टाव्या वर्षी हे धंदे कशाला म्हणून तिने बडबड केली, तिकडे लक्ष दिलं नाही. आईची पत्र्याची पेटी मात्र शाबूत होती, तिला सलाम. दोन फळ्यांवर उचलून ठेवलेली, आत मऊ धुतलेल्या जुन्या पातळाचं अस्तर, कोपऱ्यांत वेखंड, वाळलेला कडुनिंब आणि दर दोन फोटोंमध्ये पातळ कागद. मी शहाणीने जे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवले होते, ते आतल्या आत घाम येऊन एकमेकांना चिकटले. माझं डी. एड्‌.चं प्रमाणपत्र आता यांच्या नेमणुकीच्या पत्रापासून वेगळं होत नाही. दोन दिवस सगळी खोली कागदांनी भरली होती. उन्हात नाही, पंख्याखाली नाही, सावलीत वाळवले. तुझ्याकडे काही असेल तर प्लॅस्टिक काढून टाक आणि सुती कापडात बांध, आणि डांबराच्या गोळ्या फोटोंपासून लांब ठेव. बघ, हे सगळं मला न अडखळता लिहिता येतंय. म्हणूनच मला वाटतं, एवढं काही बिघडलं नसेल माझं.

पण आपल्या घरातल्या तिन्ही बायकांनी एक गोष्ट कधी केली नाही. फोटोमागे नावं लिहिली नाहीत. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून आईने अण्णांच्या फोटोमागे लिहिलं ‘हे’. मी यांच्या फोटोमागे लिहिलं ‘हे, १९६१’. आणि तू लग्नानंतर आईला जे फोटो पाठवलेस त्यांच्यामागेही ‘हे’ आणि साल. आई गेल्यावर पेटी माझ्याकडे आली आणि तिच्यात मी आमचेही फोटो टाकले. आता त्या एका पेटीत तिघींचे ‘हे’ आहेत. अण्णा टोपीवरून कळतात. राहिले दोन. अक्षरावरून ओळखावं म्हटलं, तर अण्णांनी आपल्या दोघींकडून एकच कित्ता गिरवून घेतलेला. तुझा ‘ह’ आणि माझा ‘ह’ आईलासुद्धा वेगळा सांगता आला नसता. पन्नास वर्षं ह्या गोष्टीचं कुणालाच काही वाटलं नाही, कारण बघणाऱ्याला चेहरे ठाऊक होते.

मी एक फोटो निवडला. उभा, कोटातला, मिशीवाला. बराच वेळ बघितला आणि खात्री पटली. रिक्षा करून बुधवार पेठेत अमीनभाईंच्या दुकानात नेऊन दिला, मोठा करून फ्रेम करायला. आपल्या लग्नांचे फोटो त्यांच्या वडिलांनीच मढवले होते, आठवतं? फ्रेम आणायला दोन दिवसांनी परत गेले. ती काखेत घेऊन बाहेर पडले आणि बसस्टॉप कुठे ते मला कळेना. सुहास, त्या पेठेत मी लहानाची मोठी झाले, तिथल्या शाळेत शिकवलं. दगडूशेठच्या देवळाची घंटा ऐकू येत होती, पण देऊळ माझ्या कोणत्या हाताला हे कळत नव्हतं. लोक धक्के देत जात होते. एकाने तर, आजी, फूटपाथ विकत घेतला का, असंही विचारलं. एरवी मी त्याला सोडला नसता. मी फ्रेम छातीशी धरून उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. शेवटी अमीनभाई दुकान सोडून आले, रिक्षा थांबवून रिक्षावाल्याला धायरीचा पत्ता सांगितला. पत्ता त्यांनी बिलावरून वाचला, कारण तोही मला सांगता येईना.

अष्टमीला यांची तिथी होती. चंदनाचा हार घातला, माझ्या खोलीत फोटो लावला, मुक्ताबाईलाही दाखवला. साहेब लई रुबाबदार हायेत म्हणाली. तिने यांना कधी पाहिलेलंच नाही. चार दिवस सकाळचा पहिला चहा मी त्यांच्यासमोर बसून घेतला, माळ्याची सगळी कहाणी सांगितली, जरा जीव थाऱ्यावर आला. शनिवारी मंडळी परतली. पद्मजा केळ्याचे वेफर्स द्यायला खोलीत आली, फोटोकडे बघितलं, तिने हार काढला आणि पदराखाली धरला. नंतर जे सांगितलं ते अगदी हळू, माझ्याशेजारी बसून. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तेव्हापासून स्वयंपाकघरात कुजबुज चालते. चिरंजीव चहा पिता पिता सहज विचारल्यासारखं विचारतात, आई, आज वार कोणता गं? गुरुवारी डॉक्टरांकडे जायचं ठरलंय. ते काय विचारतील याची मी इथे तयारी करतेय. वार, तारीख, पंतप्रधानांचं नाव. नापास व्हायची भीती मी आयुष्यभर दुसऱ्यांना घातली, आता ती मलाच भोगायची आहे.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तो फोटो श्यामरावांचा होता. धडधाकट, हिंडत्याफिरत्या माणसाला मी चार दिवस चंदनाचा हार घातला. तुझ्या कुंकवाच्या बाबतीत माझ्या हातून असं अभद्र झालं, मला क्षमा कर, त्यांना मात्र यातलं काही सांगू नकोस. पण मला खरी भीती त्याची नाही. पद्मजाने सांगितलं, मला पटलं, ती खोटं कशाला बोलेल? तरी आज सकाळी फोटो पुन्हा हातात घेतला, तर मला ते ‘हे’च दिसतात. दुसरा चेहराच येत नाही. तू लवकर ये. आल्यावर पेटी उघडून बसू, तू एकेक फोटो बघून सांग, मी पेन्सिलीने मागे नाव लिहीन, जोवर लिहिता येतंय तोवर. आणि तुझ्याकडे यांचा एखादा फोटो असला तर बरोबर आण. त्याच्यामागे भावोजी असं लिहू नकोस. अनंत असं लिही.

तुझीच,
अक्का