रुमालाखालचा भाव

लातूर, ४ फेब्रुवारी १९४६

आज गंजात धान्याच्या सौद्यांत मन लागलं नाही. उद्या हैदराबादला जायचं – लघवीच्या दुखण्याचा निकाल. बायकोनं, नीलम्मानं, दशम्या बांधल्यात, अख्खा वॉर्ड जेवेल एवढ्या! म्हटलं, अगं दवाखान्यात चाललोय, बारशाला नाही. "गप बसा," म्हणाली.

हैदराबाद, ६ फेब्रुवारी

कॅन्सर. लघवीच्या पिशवीखाली एक ग्रंथी असते म्हणे, तिच्यात. जात वाईट, झपाट्यानं वाढणारी. पण अजून तिथल्या तिथंच आहे, हाडांत उतरलेला नाही.

डॉक्टरसाहेबांनी वाटा सांगितल्या. ग्रंथी समूळ कापायची – मग लघवी ताब्यात राहीलच असं नाही. नाहीतर बैलासारखं खच्ची करायचं! नाहीतर विलायती गोळ्या – त्यांनी छाती बायकांसारखी फुगते. या दोन्हींनी रोग दबतो, मुळासकट जात नाही.

मी म्हटलं, गोळ्या द्या. नीलम्मा कडाडली, "मंग चोळी शिवू का?" डॉक्टर तोंड फिरवून हसले. मलाही हसू आलं. पण चाकूची भीती वाटते. लई वाटते.

७ फेब्रुवारी

आज अक्कल लढवली! कापलं तर किती वर्षं मिळतील, हे डॉक्टर नीलम्मासमोर बोलेनात. माझा जन्म गेला दलालीत – गंजात भाव तोंडानं कोण सांगतो? रुमालाखाली बोटं धरायची, जितकी बोटं तितका भाव. खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला, त्यांचा हात आत ओढला. "बोला साहेब, किती साल?"

त्यांनी माझी पाची बोटं घट्ट धरली. "सेठ, फिकर मत करो."

पाच वर्षं! तेवढ्यात धाकट्या लेकीचं, सिंधूचं, लग्न होतं, नातूही मांडीवर येतो. म्हटलं, कापा! नीलम्मा नुसती बघत होती.

१५ फेब्रुवारी

जिवंत आहे. शिंकायची सोय नाही.

लातूर, २० मार्च

घरी! लघवी अजून फसवते. नीलम्मा धोतरं धुते आणि मला तान्हं बाळ म्हणते. येईल त्याला मी पाच वर्षांचा सौदा ऐटीत सांगतो.

२१ मार्च

नीलम्मा म्हणाली, "त्या डॉक्टरला आपली बोटं कुठून कळायची? तुमचा हात थरथरत व्हता, म्हणून धरला त्यानं."

दलालाचीच लेक ती. तिला तेव्हाच कळलं होतं!

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले आस्ते तर तुमी गोळ्या घिऊन घरी आला आस्ता."

मग रुमाल पुढं केला – तूच सांग, किती साल? तिनं पाची बोटं धरली, आणि सोडलीच नाहीत.