तुझी टेप अडकली आहे

बा, कालपासून मी या खोलीत कोंडून पडले आहे. समोर कॉम्प्युटर चालू आहे आणि तो बंद करायचा नाही असा हुकूम आहे, कारण बंद केला तर पुन्हा उठेल याची खात्री नाही. म्हणून हे कागदावर लिहिते आहे. तू गेलास तेव्हा आपल्या गावात असलं यंत्र कुणाच्या घरी नव्हतं. तेव्हा एवढंच समज, की याच्या पोटात एक तबकडी फिरते, सगळं तिच्यावर साठवलेलं असतं, आणि ती आता मरायला टेकली आहे. तिच्यात तुझा आवाज आहे.

मिठागरं बुजवून बंदराचे रस्ते व्हायला लागले, त्या वर्षी मी टेपरेकॉर्डर घेऊन तुझ्यासमोर बसले होते. भरतीचं पाणी आत कधी घ्यायचं, मीठ कधी ओढायचं, सगळं तू सांगितलंस. पुढे ती कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि मूळ कॅसेट, बुरशी आली म्हणून, भंगारात दिली. दोष द्यायला दुसरं कुणी सापडत नाही, आणि मी शोधून पाहिलं आहे.

गेले दोन महिने यंत्र रडत होतं. एक फोटो उघडेपर्यंत माझा चहा निवायचा. मग आतून टक्-टक् यायला लागलं. पडद्यावर दुरुस्तीचं बटण होतं, ते मी दाबलं. तपासणी निम्म्यावर अडकली. मी बंद करून पहिल्यापासून लावली. परत अडकली, परत लावली. तू मला ज्या सिस्टरांच्या शाळेत घातलंस, तिथे वहीवर शाईचा डाग पडला की पान फाडून पहिल्या ओळीपासून लिहायला लावत. साठ वर्षं झाली, हाताला दुसरी रीत माहीत नाही.

काल उरणच्या बाजारातला दुरुस्तीवाला घरी आला. पन्नाशीचा माणूस, डब्याला कान लावून बसला.

"तपासणी किती वेळा चालवलीत?"

"तीनदा."

"मॅडम, हार्टच्या पेशंटला तुम्ही तीनदा जिना चढायला लावलात."

"माझ्या घरात टोमणे मारायचं काम माझं आहे. तुम्ही डिस्क बघा."

हसला मेला. नवी डिस्क जोडली, जुनीतला कण-कण उचलून नवीत टाकणारं काहीतरी सुरू केलं. बघता बघता फोटो आले, पेन्शनचे कागद आले. तुझी टेप मात्र नेमकी खराब जागेवर बसलेली.

"आता माऊसलाही हात लावू नका. इन्व्हर्टर जोडलाय, लाइटचं टेन्शन नाय. टेप येईल तर येईल, नाय तर नाय."

"आणि मी काय करू?"

"बसा."

मला! बसा! चिडायला तोंड उघडलं आणि एकदम आपल्या मिठागराचा तो बांध डोळ्यांसमोर आला. मी नऊ वर्षांची आहे. सुट्टीत घरी आले आहे, पायात शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट. मीठ धरलं का ते बघायला मी वाफ्यात काठी घालून ढवळते. तळाचा चिखल वर येतो, वरची पांढरी साय काळी पडते. तुझ्या आठ दिवसांच्या कामाची माती. तू धावत येतोस, मी गाल वाचवते. पण तू मारत नाहीस, मला बांधावर बसवतोस. "हात मांडीवर ठेव. पानी हालवाचा नाय. आज तुजा काम नुसता बगाचा." ऊन उतरेपर्यंत मी तशीच बसते आणि मनातल्या मनात तुला इंग्रजीत शिव्या देते. मला दोनच येत होत्या, आलटून पालटून त्याच दिल्या.

आज दुपारी दुरुस्तीवाला पुन्हा डोकावला. टेपची पहिली चार मिनिटं आली होती, ती त्याने ऐकवली. त्यात तू कमी आणि मीच जास्त आहे. तू पाण्याचं सांगायला लागतोस आणि मी मध्येच म्हणते, "असं नाही, बा. शुद्ध बोल. लोक ऐकणार आहेत हे. परत, पहिल्यापासून." तू परत सुरू करतोस, मी परत अडवते. तिसऱ्यांदा अडवते तेव्हा तू थांबतोस. खुर्ची करकरते. तू म्हणतोस, "पोरी..." आणि तिथेच तबकडी अडकते.

"पुढे काय बोलले बाबा?" त्याने विचारलं.

"मिठाचंच काहीतरी," मी म्हटलं.

तो गेला. तेव्हापासून पडद्यावरचा आकडा हललेला नाही आणि मीही नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, कीबोर्डखाली घालून ठेवीन. टक्-टक् चालू आहे. लिहिणं थांबलं की उजवा हात माऊसकडे जातो, म्हणून इतकं लिहिलं. आता पेन खाली ठेवून दोन्ही हात मांडीवर घेते. त्याला खोटं सांगितलं, बा. "पोरी"च्या पुढे तू काय म्हणालास ते मला आठवत नाही. मी ऐकतच नव्हते, तुझी पुढची चूक शोधत होते.