म्हशीचा खालचा सूर

आचरा,
२ डिसेंबर २०२४

सत्यवान,

भिकाजीचा नमस्कार. ‘भावोजी’ लिहायचं मनात होतं, पण ज्याला मी खाडीत पोहायला शिकवलं त्याला भावोजी म्हणायला माझी जीभ तेव्हाही वळली नाही, आता पेन काय वळणार! आम्ही इथे बरे आहोत. सुगंधाचा गुडघा थंडीत कुरकुरतो, तोंड मात्र धडधाकट आहे. काजू यंदा बरा मोहरलाय. परवा देवळात दशावतार होता, पण पेटीवाला असा बेसूर की संकासुरसुद्धा गोंधळला. मी अर्ध्यातून उठून आलो.

तू म्हणशील, एवढ्या वर्षांनी ह्याला पत्र कसं सुचलं. फोन तू उचलत नाहीस म्हणून सुचलं. एकदा चुकून उचललास तर ‘राँग नंबर’ म्हणून ठेवलास. वीस वर्षं माझ्या ड्रमच्या पुढ्यात बसून वाजवलंस आणि माझा आवाज तुला राँग नंबर? शर्मिला तुझी बायको होती हे मला मान्य आहे, पण आधी ती माझी बहीण होती. ती गेली तेव्हा तू एकटाच उघडा पडलास असं नाही. बाराव्याला तू पियानो टेम्पोत घालून माझ्या पडवीत आणून टाकलास, ‘ह्यो माझ्या डोळ्यासमोर नको’ म्हणालास आणि त्यानंतर ना दिवाळी, ना गणपती. राग आहे माझा. तो असू दे त्याच्या जागी, मी कामाचं लिहितो.

काम म्हशीचं आहे. विसरला नसशील ना? त्या इलेक्ट्रिक पियानोला म्हस हे नाव शर्मिलानेच ठेवलं होतं. पणजीच्या हॉटेलवाल्याने जुना झाला म्हणून काढला आणि आपण आपल्या ‘रातराणी’ ऑर्केस्ट्रासाठी उचलून आणला. चौघांनी उचलताना गिटारवाल्या शिवाच्या कमरेत उसण भरली, तेव्हा ही बया पोट धरून हसली. म्हणाली, ‘ह्यो पियानो न्हय, गाभण म्हस आसा.’ पुढे सगळा जिल्हा तेच म्हणायला लागला. खारेपाटणला जत्रेत पाटी लागली होती, ‘म्हशीसह रातराणी’. लोक जनावर बघायला आले होते.

आणि इन्सुलीचा नाका आठवतो? गोव्यातून लग्नाचा कार्यक्रम करून सकाळी परत येत होतो. तपासणीवाल्यांना एवढी जड पेटी बघून खात्रीच वाटली, आत बाटल्या आहेत. झाकण उघडलं तर आत नुसत्या लोखंडी काड्या आणि हातोड्या. वाजवून दाखवा म्हणाले. रस्त्यात वीज कुठली? तू तसाच वाजवायला बसलास. विजेशिवाय म्हस किती बारीक बोलते! भांड्याला नख लागावं, तेवढंच. त्या शिपायाने टोपी काढून झाकणाला कान लावला आणि शर्मिला तो आवाज बुडू नये म्हणून तोंडातल्या तोंडात गायली. शिपाई उठून म्हणाला, ‘एवढ्याशा आवाजाचे लोक पैसे देतात तुम्हाला?’ आणि नेमका त्याच इन्सुलीत तू घर करून दार लावून बसलायस.

तर म्हस बंद पडलीय. पट्ट्या दाबल्या की जेमतेम खाली जातात, पण आतली हातोडी उठतच नाही. तिची विद्या तुझ्याशिवाय इथे कोणाला नाही. तू एकदा येऊन बघून जा. जेवायला थांबायची सक्ती नाही, माझ्याशी बोलायची तर मुळीच नाही. आमचा चंदन सध्या घरीच आहे, बोटीवर परत जायचं तूर्त ठरलेलं नाही. तो अधूनमधून तिच्यावर वाजवायला बसायचा, म्हणून लक्षात आलं, एवढंच.

सुगंधाने तुला सोलकढीची आठवण करून दिली आहे.

तुझा,
भिकाजी


आचरा,
१७ डिसेंबर २०२४

सत्यवान,

तुझं कार्ड मिळालं. ‘म्हस भंगारात घाल. मी तिला हात लावणार नाही.’ बस्स. खाली सहीसुद्धा नाही. मेल्या, निदान वहिनीला नमस्कार तरी लिहायचास. तिने कार्ड दोनदा उलटून बघितलं.

मी ते वाचून तुला जे काय बोललो ते कागदावर येण्यासारखं नाही. मग सुगंधा म्हणाली, तुम्ही तेंका खरा लिवलास काय? म्हस बिघडली म्हणून कोण येतलो? माणूस माणसासाठी येता. तिचं बरोबर आहे. मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं आणि जे लिहायचं तेच लिहिलं नाही. आता लिहितो. वाचताना बसून वाच.

चंदन बोटीवर कुक होता हे तुला माहीत असेल. त्यांच्या मालकाने बोट परक्या बंदरात तशीच सोडून दिली. पगार नाही, डिझेल नाही, पिण्याचं पाणी कोणीतरी दया येऊन द्यायचं. किनारा समोर दिसायचा आणि उतरायला परवानगी नाही. वर्षाच्या वर पोरं अशी लोंबकळत होती. शिरा पडो त्या मालकाच्या तोंडार. चंदनच्या केबिनमध्ये केरळचा एक मुलगा होता, त्याच्याच वयाचा. तो तिथेच गेला. कसा, ते चंदन सांगत नाही आणि मी विचारत नाही. एवढंच कळलं की शेवटी शेवटी तो मुलगा बोलायचाच बंद झाला होता आणि चंदन रोज त्याच्यासमोर जेवण घेऊन बसायचा.

गणपतीच्या आधी चंदन घरी आला. आला म्हणजे काय, अंग आलं. सत्यवान, माझा झील, पोटचा पोरगा, घरात चालतो आणि मला त्याची चाहूल लागत नाही. कुडाळच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टर चांगले आहेत, वेळ लागेल म्हणतात, एकटं ठेवू नका म्हणतात. आमच्याशी दिवसाला दोन शब्द, ते पण ‘नको’ आणि ‘जेवलंय’.

आणि मग एका सकाळी पडवीतून आवाज आला. म्हशीचा, तोच, नाक्यावरचा. वीज न लावता तो वाजवत होता. शर्मिला त्याला मांडीवर घेऊन एका बोटाने शिकवायची ना, ती पाळण्याची चाल. तेवढीच, परत परत. मी दाराबाहेर सुपारी सोलायला घेतली आणि ऐकत बसलो. पुढे रोजचंच झालं ते. वायर जोडून देऊ का विचारलं तर मानेनेच नको म्हणाला. न जोडलेलीच बरी वाटत असेल, कोणाला ऐकू जायला नको म्हणून. पण मी ऐकत होतो ना! ती बारीक टिकटिक चालू असली की माझा पोरगा आहे. थांबली की मी हातातला अडकित्ता टाकून दारापर्यंत जायचो, परत सुरू झाली की परत येऊन बसायचो. सोलायला सुपारी उरली नाही तेव्हा सोललेलीच परत हातात घेऊन बसलोय.

दिवाळीनंतर एकदोन पट्ट्या करकरायला लागल्या. चाल मध्येच अडखळायची आणि तो हात मागे घ्यायचा. मला ते बघवेना. आता माझी अक्कल ऐक. आपल्याकडे बिजागरी करकरली की खोबरेल, सायकल करकरली की खोबरेल, बायकोचा गुडघा करकरला तरी खोबरेल. तो डॉक्टरकडे गेला असताना मी झाकण उघडलं आणि घरचं खोबरेल वाटीत घेऊन प्रत्येक हातोडीच्या बुडाशी बोटाने घातलं. एकही सोडली नाही. लेकराच्या टाळूवर घालतात तसं मायेने घातलं, सत्यवान. सुरुवातीला पट्ट्या अशा पळायला लागल्या की मीच स्वतःवर खूश. मग थंडी पडली.

पहाटे खोबरेल दगड होतं हे इथल्या कुत्र्यालाही माहीत आहे. मला सुचलं नाही. ऊन झाल्यावर सुटेल म्हटलं, पण तोवर आतल्या लोकरीच्या बनाती तेल पिऊन फुगल्या आणि वरून धूळ बसून त्याचा चीक झाला. त्या दिवशी चंदन बसला, त्याने पट्टी दाबली, आणि काहीच आलं नाही. दुसरी दाबली. सगळ्या दाबून बघितल्या. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाला, ‘बाबा, आता ही पण बोलूची नाय.’

‘पण’ म्हणाला. कळतंय ना तुला? त्याला वाटतं त्याच्या हातानेच ती गेली.

मी सांगितलं रे. पाया पडायचा बाकी राहिलो. म्हटलं, मीच तेल घातलं, माझी चूक. तर म्हणतो, माका बरा वाटाचा म्हणान सांगतास. झाकण उघडून दाखवायला गेलो तर आडवा आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. ‘मेलेल्याचा तोंड कित्याक उघडून बघतास?’ म्हणाला आणि तिच्यावर चादर घातली.

आता जे मी मागच्या वेळी गिळलं ते. त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारचं जेवण झाल्यावर, सुगंधाला तो विहिरीच्या कठड्यावर बसलेला दिसला. पाय आत सोडून. तिने हाक मारली नाही, धावलीही नाही. गुडघा घेऊन हळूहळू गेली आणि शेजारी बसली. तो म्हणाला, ‘आये, पाणी किती शांत आसा.’ ती म्हणाली, ‘आसा खरा. पण चाय निवली, चल.’ आणि त्याचं मनगट धरून आणलं त्याला. चहा केलेलाच नव्हता. मग केला.

डॉक्टरांना कळवलं, गोळ्या वाढवल्यात. विहिरीवर जाळी बसवून घेतली. मी किंवा ती, एक जण कायम त्याच्या नजरेच्या टप्प्यात. पण घर असं गप्प झालंय की मला भांड्यांचा आवाज आला तरी बरं वाटतं. मला भीती वाटते, सत्यवान. सत्तरीला टेकलो, तीन वादळं ह्या किनाऱ्यावर बघितली, पण अशी भीती कधी वाटली नाही. मी ज्या आवाजावर जगत होतो तो मीच माझ्या बोटाने बुजवला.

काल सुगंधाने त्याला जेवता जेवता सहज विचारलं, मग कोणी उघडूची ती? त्याने भात कालवला. मग ताटाकडे बघतच म्हणाला, ‘काकांची आसा ती. काकांनीच.’

एवढंच म्हणाला. इतक्या महिन्यांत माझ्या पोराने कोणाचं नाव घेतलं असेल तर ते तुझं. माझं नाही. ते पण चालेल मला, नावात काय ठेवलंय. तू ये. झाकण तू उघड. माझं तेल त्याला तुझ्या बोटावर दाखव आणि सांग, तुझो बापूस गाढव आसा. तुझं तो ऐकेल. म्हस सुटली तर सुटली, नाही सुटली तरी सांग की ती का बसली.

तुला ती बघवत नाही, माहीत आहे मला. तिच्या पट्ट्यांवर शर्मिलाची बोटं तुला दिसणार, झाकण उघडलंस की तिच्या गजऱ्याचा वास येणार असं तुला वाटणार. मलाही वाटलं होतं. काही वास येत नाही, नुसता लोखंडाचा येतो. आता तर खोबरेलाचा. रडायला आलं तर माझ्या पडवीत रड, बाराव्यापासून तुंबवून ठेवलंयस ते. मी पण तेच करतो. दोघे म्हातारे एकदम रडलो तर चंदनला निदान हसू तरी येईल.

आता हे शुद्ध मराठी पुरे झालं. शाळेत मास्तरांनी मारून शिकवलं, पण हयसर ते पुरत नाय. प्रत्येक कार्यक्रमाआधी आपण पडद्यामागे देवाला गाऱ्हाणं घालायचो, आठवतं? मी सांगायचो आणि सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. तू मात्र तोंडाने कधी म्हणाला नाहीस. म्हशीचा अगदी खालचा सूर दाबायचास, घुमायचा तो, की झालं तुझं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून. तसाच घालतंय. ऐक.

बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा! आज जो काय हो भिकाजी तुझ्यासमोर हात जोडून उभो आसा, तेच्या हातून जी काय तेलाची चूक झाली, ती तेच्याच पदरात टाक, झिलाच्या टाकू नको रे म्हाराजा! माझ्या शर्मिलेन ज्या पोराक मांडयेर घेऊन सूर दाखवल्यान, तेचो हात परत पट्टयेर येऊ दे रे म्हाराजा! बोटीवर जो पोरगो गेलो, तेका सुखात ठेव, आणि माझ्या पोराक तेच्या मागसून जाऊ देऊ नको रे म्हाराजा! आणि इन्सुलीक जो कोण दुखान दार लावन बसलो आसा, तेचा दार उघड, तेका एक डाव माझ्या पडवीत पाठव रे म्हाराजा!

पुढचं मी लिहीत नाही. ती जागा कायम तुझी होती. बांद्याला शिवाला निरोप दिलाय, तो गाडी घेऊन तुझ्या दारात उभा राहील. गाडीत बसायचं की नाही ते तू ठरव. मी पडवीत, चादर घातलेल्या म्हशीच्या बाजूला बसलोय. चंदन समोर आहे.

खालच्या सुराची वाट बघणारो,
तुझो भिकाजी