अखाजीला उघडलेलं घर

६ एप्रिल, रविवार
शेवटचा माग भंगारात गेला! बावीस वर्षं खाली खडखडाट, आता माझंच बोलणं घुमतं. आमच्या कोसाडच्या घराचा हा खालचा भाग म्हणजे नुसता उकिरडा — भिंती काळ्या, छताला धाग्यांची जळमटं. पण मी ठरवलंय. कामाला येणाऱ्या बायकांसाठी भाड्याची जागा करायची. चार खाटा, मधे सरकते पडदे. दोघींचं जमलं तर पडदा मागे, भांडल्या तर पुढे! आठवडाभर राहा, नाहीतर वर्षभर.

यांना घर विकून खानदेशात गावी जायचंय. बोलले, "अखाजीलगून एक तरी बाई उनी ते ठीक, नही ते इकी टाकसूत." म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत एक तरी बाई राहायला आली पाहिजे, नाहीतर घर विकणार. बघूच!

११ एप्रिल, शुक्रवार
फरशी चिकटेना. गोपाल मिस्त्री म्हणतो, "बेन, ये जमीन तेल पी गई है." मागांचं मुरलेलं तेल काढायला तीन दिवस सोडा टाकून जमीन घासली. हात सोलले, पण चिकटली!

१९ एप्रिल, शनिवार
भिंतींना पिवळा रंग. यांनी नाक मुरडलं, आणि दुपारी स्वतःच दुसरा हात मारला. मी नुसता रंगाचा डबा पुढे सरकवला. बोलले असते तर ब्रश टाकून दिला असता.

२४ एप्रिल, गुरुवार
गल्लीभर सांगून आले — अखाजीच्या मुहूर्तावर घर उघडणार! साड्यांना टिक्या लावणाऱ्या तिघी म्हणाल्या, येतो.

३० एप्रिल, बुधवार. अखाजी
रांगोळी काढली, पातेलंभर आमरस केला. कुणीच नाही! शेजारची प्रमिलाबाई पोट धरून हसली. "वं मंगलाबाई, अखाजीले कोनती बाई आठे ऱ्हास? समद्या माहेरले ग्यात!"

मी खानदेशची बाई, आणि अखाजीला बाई इथे राहत नाही, माहेरी जाते, हेच विसरले! आधी हसू आलं, मग रडू. यांनी सुकदेव दलालाला फोन केला. सोमवारी माणूस घर बघायला येणार.

संध्याकाळी आली ती आमची रुपाली, दोंडाईच्याहून, माहेरपणाला. सगळा आमरस तिलाच वाढला. दाराला दोर बांधून अखाजीचा झोकाही केला. पोरगी अजून तशीच उंच झोका घेते!

३ मे, शनिवार
रुपालीची बॅग आवरायला घेतली. आत लोकरीची शाल, दहावी-बारावीचे निकाल, लग्नातली सगळी भांडी! मे महिन्यात शाल? या पोरीला सामान भरायला कधी जमणार! जावई न्यायला कधी येतायत विचारलं, तर पडद्यांना इस्त्री करत बसली.

५ मे, सोमवार
रुपाली सकाळी म्हणाली, "माय, एक खाट माले दे. मी आते परत जावाव नही." का, तेही सांगितलं. ते इथे लिहवत नाही. यांनी सगळं ऐकलं. उठले, दलालाला फोन लावला. "सुकदेवभाऊ, कोनले आनू नको. घर इकानं नही. आठे मनी पोर ऱ्हास."