नावडतं ते तोंडपाठ

मंगळवार, ४ मार्च

कानाचं यंत्र सुरू केलं आज. डोक्यात पत्रा घासल्यासारखा आवाज – आणि ती म्हणे ताई बोलत होती! सख्खी बहीण, आणि ओळखू आली नाही. महिन्यापूर्वी कानामागे चिरून हे आत बसवलं, त्याचं हे फळ.

ऐकायला शिकवणाऱ्या बाईंनी कागदावर लिहून दिलं : 'मेंदूला वेळ द्या. घरी रोज एकच जुना अल्बम ऐका. तोंडपाठ असलेला. पण जिवाभावाचा नको. सुरुवातीला सगळं भेसूर लागतं, आवडतं गाणं कायमचं विटेल.'

कागदाची घडी घातली. पर्समध्ये ठेवली.

बुधवार, ५ मार्च

तोंडपाठ आणि नावडता असा अल्बम एकच. ताईचा. हेवी मेटल. आम्हा दोघींत एक खोली, माझी परीक्षा डोक्यावर आणि हिचा धिंगाणा. मी उशा फेकून मारायचे. आता ताई पन्नाशीची, दातांच्या कवळ्या बनवते. पण त्या अल्बमचं नाव काढलं की अजून खुलते. विचारल्याबरोबर टेबलावर दोनदा टकटक केलं – ही आमची खूण, 'माझ्याकडे बघ, बोलायचंय' – आणि ओठ ताणून म्हणाली, "देवाघरी न्याय आहे गं."

स्पीकरवर लावला. नळाला नुसती हवा यावी तसं काहीतरी. दुसरं काही नाही.

रविवार, ९ मार्च

रोज दोनदा ऐकते. अजून कचराच.

खरं लिहिते, इथे कोण वाचतंय. भीती वाटते. ऐकू येईनासं झाल्यापासून चार वर्षांत ताईचा आवाज कसा होता तेच आठवेनासं झालंय. काय बोलायची ते आठवतं, आवाज नाही. दुसरा कान तर केव्हाच गेला. हेही फुकट गेलं तर? तर तो आवाज गेला तो गेलाच. जेवण जात नाही. ताई म्हणते, "घाबरतेस काय, मी आहे ना!" म्हणजे, तिचे ओठ म्हणतात.

शुक्रवार, १४ मार्च

तिसऱ्या गाण्यात सगळं एकदम थांबतं, ड्रमचे चार ठोके पडतात, मग तो बाबा केकाटायला लागतो. आज ते ठोके आले. मोजून चार! परत लावलं. परत चार.

ओट्याला टेकून रडले. मग हसूही आलं – तीस वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली त्याचेच पाय धरायची पाळी. आवडला मात्र नाही. आवडणारही नाही.

बुधवार, १९ मार्च

ताई पाठमोरी भांडी विसळत होती, तोंडाचा पट्टा चालूच. तिला सवयच लागलीय. टकटक न करता जे बोलते ते माझ्यासाठी नसतंच. फोन, कुचाळक्या, मला घातलेल्या शिव्या – सगळं माझ्यादेखत, खुशाल. आज त्यातलं एवढंच कळलं, "साबण संपला." घोगरा, जरा नाकातला. ताईचाच!

सांगितलं नाही. बोलून दाखवावं आणि उद्या पुन्हा पत्रा घासायला लागावा, ही धास्ती. पूर्ण वाक्य कळू दे. मग तिच्याकडे पाठ करून बसेन आणि तिचं बोलणं तिलाच म्हणून दाखवेन. बघू, चेहरा कसा होतो.

शनिवार, २२ मार्च

सकाळी अल्बम संपला, मी खुर्चीत तशीच बसून होते. ताई माझ्यामागे दोन पावलांवर फोनवर बोलत होती. पूर्ण वाक्य कळलं. एक नाही, दोन.

"नाही डॉक्टर, माझा कॅन्सर यकृतापर्यंत पसरलाय हे तिला आत्ता नका सांगू. आधी तिला माझा आवाज नीट ऐकू येऊ दे."

मी मागे वळले नाही. अल्बम पुन्हा पहिल्यापासून लावला.