हात डोक्यावर

बाबा, आज सकाळी नागपूरला मी खुर्चीत बसून मेले. विमान चालवणं शिकून राहिली मी. खरं नाही अजून. डोळ्यांवर व्हीआरचा हेडसेट, हातात स्टिक, पायाखाली साधी फरशी. पण आत दिसतं ते सारं खरंच वाटतं. धावपट्टी सुटली, नाक वर झालं आणि समोरून घार आली, सरळ काचेवर. मी स्टिक सोडून दोन्ही हात डोक्यावर घेतले. विमान कलंडलं, जमीन तोंडावर आली. सर खेकसले, "हात कायले सोडले? परत असं केलं तर खऱ्या विमानात नाही बसवत तुले."

त्यांना काय सांगू? पांढुर्ण्याच्या पोरीचे हात तिथंच जातात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या पात्रात रोवलेलं पळसाचं झाड, त्यावर झेंडा, झाड तोडून जो झेंडा नेईल त्याची जीत, अलीकडून आपण, पलीकडून सावरगाववाले, आणि मधे नुसते दगड. काठावरच्या बायापोरींनाही लागतात. म्हणून पोळ्याआधी तुम्ही मला अंगणात उभं करून गळलेली हिरवी संत्री फेकून मारायचे, टेंगूळ येईस्तोवर. "रडू नको. गोटा दिसला का हात डोक्यावर. हातातलं काही बी असो, सोडून द्यायचं." आई स्वयंपाकघरातून तुम्हाला शिव्या देते, तुम्ही हसता, आणि पुढचं संत्रं माझ्या कानावर बसतं.

त्या वर्षी तुम्ही झाडापर्यंत पोचलात. एका हातात कुऱ्हाड, दुसरा झाडाला. पहिला गोटा खांद्यावर, दुसरा तोंडावर. दात रक्तासोबत पाण्यात पडले. "बाबा, हात!" मी काठावरून ओरडले. तुम्ही ऐकलंत, माझ्याकडे पाहिलंतही. सोडलं नाही. पुढचा कानशिलावर बसला. तुम्हाला बाहेर आणलं तेव्हा डोकं एका बाजूने मऊ झालं होतं. मी ते मांडीवर घेऊन बसले, आणि लोक झेंडा घेऊन देवळाकडे पळाले.

दुपारी सरांनी परत बसवलं. घार परत आली. काच फुटली, कानात वारा घुसला, हात आपसूक वर ओढले जात होते. मी स्टिक आवळली आणि तुम्हाला शिव्या घालत विमान खाली उतरवलं. सर म्हणाले, "जमलं. आता खऱ्यात बस."

हे कुठं पाठवायचं नाही. पण एवढं कबूल करते, आनंद झालाच नाही, रागच आला. मी हात सोडले असते तर विमान पडलं असतं. तुम्ही सोडले असते तर फक्त झेंडा गेला असता. अजून माफ नाही केलं तुम्हाला.