व्ह्यूफाइंडरमधलं धुकं

४ मार्च, मंगळवार

ड्राय बॅगेत पाण्याचा एक थेंब शिरला नाही, तरी आतला कॅमेरा ओला! आज तळ्यावर नाव सुटण्याआधीच हा प्रकार. काठाशीच टिबुकली पोहत होती, मुठीएवढं पाणपाखरू. ही ओरडली, "अहो, काढा ना लवकर!" आणि मी हात घालण्याआधी हिनेच बॅगेचं तोंड सोडलं. क्षणात भिंगावर धुकं. पुसलं, पुन्हा आलं. टिबुकलीने बुडी मारली ती मारलीच.

वास्तविक कोडं सोपं आहे, आणि किती देखणं! फ्रिजमधली बाटली टेबलावर ठेवली की तिला घाम फुटतो. ती गळत नसते. हवेतल्या वाफेचंच थंड काचेवर पाणी होतं. गाडीच्या एसीत तासभर गारठलेला कॅमेरा तळ्याकाठच्या दमट हवेत उघडला, तर दुसरं काय होणार? बॅग बंदच ठेवून अर्धा तास थांबायचं. मग घाम फुटतो तो बॅगेला, कॅमेऱ्याला नाही.

परतीच्या वाटेवर हे हिला समजावलं. दोनदा.

"कळलं हो, मास्तर."

पस्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाने गप्प बसावं तरी कसं!

५ मार्च

बादलीची परीक्षा. बॅगेत टिश्यूपेपर, वर वीट, अर्धा तास पाण्याखाली. कागद कोरडा ठणठणीत! बॅग निर्दोष.

७ मार्च

व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की अजूनही धूसरच. भिंगावरचं धुकं तर वीस मिनिटांत उडालं होतं. म्हणजे ओलावा आत शिरला आहे.

प्रकरण हसण्यावारी नेण्याजोगं नाही. हिचं पाणपक्ष्यांचं पुस्तक महिनाअखेर छापायला जाणार. अकरा वर्षांच्या नोंदी हिच्या, फोटो माझे. काढायचा एकच फोटो उरला आहे — पिल्लांना पाठीवर घेऊन पोहणारी टिबुकली. नावाडी म्हणाला, अंडी फुटायच्या बेतात आहेत. पिल्लं पाठीवर बसतात ती जेमतेम आठवडाभर. तेवढ्यात कॅमेरा बरा झाला नाही, तर पुस्तकात त्या पानावर रिकामी चौकट!

८ मार्च

कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, भोवती सिलिका जेलच्या पुड्या. लोक तांदळात पुरतात. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही. पीठ मात्र फटीफटींत सोडतो! पुड्यांतले हे निळे दाणे ओलावा प्यायले की गुलाबी होतात. साधन स्वतःच साक्ष देतं. वा!

१० मार्च

दाणे निळेच. धुकं तसंच.

हिला बघायला दिलं. "मला तर स्वच्छ दिसतंय."

दोष अंगाला लागू नये म्हणून म्हणते आहे, असं वाटलं — आणि वाटलं ते बोलून बसलो! "घाई तू केलीस. आता निदान कबूल तरी कर."

हिने कॅमेरा अलगद खाली ठेवला. "अकरा वर्षं एकेका पाखरासाठी चिखलात उभी राहिले. घाईची मी?"

जेवताना मीठ मागितलं. मीठ मिळालं. शब्द नाही.

११ मार्च

दुरुस्तीवाल्याने कॅमेरा खोलून तासभर पाहिला. "सर, आत टिपूस नाही. हवं तर लिहून देतो."

मी म्हणालो, सूक्ष्म ओलावा सहजासहजी दिसत नाही.

"मग तुम्हाला कसा दिसला?"

आगाऊ!

१२ मार्च

अजून अबोला. नावाड्याचा निरोप: पिल्लं बाहेर आली.

१४ मार्च, शुक्रवार

आज गेलोच. बॅग अर्धा तास बंद ठेवली. हीसुद्धा हाताची घडी घालून मुकाट बसली. मग वल्ह्याच्या टप्प्यावर टिबुकली आली — पाठीच्या पिसांतून दोन पट्टेरी डोकी बाहेर काढलेली! मी कॅमेरा उचलला. धुकं. पक्षी कुठला, पाणी कुठलं, काही उमजेना. हात खाली आले. "गेलं सगळं," एवढंच म्हणालो.

हिने पुढे सरकून माझ्या गळ्यातला पट्टा काढून घेतला आणि फोटो काढत सुटली. नावाडी हळूच म्हणाला, "बाई, उजवीकडं, उजवीकडं!"

घरी पडद्यावर पाहिले. पिल्लाच्या चोचीवरचा थेंबसुद्धा मोजून घ्यावा इतका स्पष्ट. हिने त्या दिवशी 'स्वच्छ दिसतंय' म्हटलं ते खरंच होतं.

मग धुकं आहे कुठे?

१५ मार्च

सवयीचा उजवा सोडून आज व्ह्यूफाइंडरला डावा डोळा लावला. आरपार स्वच्छ.

बॅग तपासली, दाणे तपासले, बायकोचा शब्द तपासला. बघणारा तपासायचा राहिला.

स्वयंपाकघरात जाऊन हिची माफी मागितली. स्पष्टीकरण न देता. हिने आधी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली, मग माझ्याकडे पाहिलं.

डोळे घरी तपासायची कृती साधी आहे. चष्मा असेल तर चष्म्यासकट एक डोळा तळव्याने झाकायचा — दाबायचा नाही — आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या कॅलेंडरवरचे रविवार वाचायचे. मग दुसरा झाकायचा. डावा झाकल्यावर मला नुसते लाल डाग दिसले.

"दोन, नऊ, सोळा, तेवीस, तीस," हिने मागून वाचून दाखवलं. मग म्हणाली, "आता माझे झाका बघू."